जिलबीचा काळा ठिपका

आधीच सांगून ठेवते, मला साप आवडत नाहीत. आजही नाहीत. घरी आलेल्या बायका विचारतात, "सुलक्षणा, तुला भीती नाही गं वाटत?" भीती कसली डोंबलाची, मला राग येतो! इकडे आखातात, अल रीम बेटावरचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. त्यात माझं पुरणपोळ्यांच्या ऑर्डरींचं काम, नवऱ्याची हेल्मेटं आणि बूट, पोरीचा पसारा. आणि त्यात एक काचेची पेटी, तिला वेगळा दिवा, वेगळा हीटर, वेगळा थर्मामीटर. तिच्या उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीझर, कारण माझ्या फ्रीझरच्या आसपास उंदीर दिसला तर मी आधी उंदराला आणि मग पोरीला बाल्कनीतून खाली टाकीन, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पेटीत राहते जिलबी. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीची, बिनविषारी, कागदपत्रं सगळी रीतसर. केशरी अंगावर विटकरी पट्टे, डोळे लालबुंद. तिच्या अंगात काळा रंग तयारच होत नाही, जन्मतःच. नाव मीच ठेवलं, तेही रागाच्या भरात. ती आली त्या दिवशी वेटोळं घालून बसली होती. मी ओरडले, "ही कसली जिलबी आणून ठेवलीस माझ्या घरात?" आणि अस्मी म्हणाली, "ओ माय गॉड मम्मा, परफेक्ट नेम!"

अस्मी माझी मुलगी, सोळा वर्षांची. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. मी मराठीत रागावते, ती इंग्लिशमध्ये उलट बोलते, आमचं व्यवस्थित चाललंय.

आणि प्रल्हाद, माझा नवरा, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सेफ्टी मॅनेजर. चाळिसाव्या मजल्याच्या कडेला उभा राहून लोकांना झापतो. पण जिलबीच्या पेटीवरून जायची वेळ आली की भिंतीला पाठ लावून, एक एक पाऊल टाकत सरकतो. पेटीच्या चारही कडांना त्याने साइटवरचा पिवळा-काळा टेप चिकटवलाय. दीड वर्षात त्याने तिला एकदाही हात लावलेला नाही. "ते जनावर" यापलीकडे तिला हाक नाही.

बरं, हा माणूस आमच्या इथल्या मराठी मंडळातला विज्ञानवादी. दरवर्षी अंधश्रद्धेवर बोलतो, स्लाइडसकट. दहावीच्या निकालानंतर मी अस्मीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला घेतली, तर मीठ हातात धरून मला अख्खं व्याख्यान ऐकावं लागलं. शेवटी मी त्या मोहऱ्या फोडणीत घातल्या.

आता या सापांच्या लोकांचा एक ग्रुप आहे, दुबई-शारजा-मस्कत सगळीकडचे. तिथे माणसं आपल्या सापाचे फोटो टाकतात आणि विचारतात, सांगा हो, माझा साप नेमका कुठल्या प्रकारातला? एकाच जातीत रंगांचे शेकडो प्रकार, आणि फरक इतका बारीक की बघणाऱ्याचे डोळे शिणावेत. पट्ट्याच्या कडेची रेघ किती जाड, पोटावरचे चौकोन भरीव की पुसट, पिवळ्याखाली राखाडी झाक आहे की नाही. सगळं फक्त फोटोवरून ओळखायचं.

आणि फोटो तर खोटं बोलतो. हे मला कुणी शिकवायला नको. दुकानातल्या दिव्याखाली आमसुली म्हणून घेतलेली साडी घरी येऊन चॉकलेटी निघते, हे मी स्वतः भोगलंय. "साडी उजेडात आणून बघ," हे अस्मीला मी लहानपणापासून सांगत आले. तिने ते सापाला लावलं. तिचा नियमच होता, सकाळचा उजेड, बाल्कनी, खाली पांढरं कापड, फिल्टर अजिबात नाही. दुसऱ्या कुणी दिव्याखालचा फोटो टाकला की ती त्याला परत काढायला लावायची. कधी अडली की फोन माझ्या नाकासमोर.

"मम्मा, क्रीम ऑर येलो?"

"दोन्ही नाही. मोतिया."

"व्हॉट इज मोतिया?"

मी कपाटातून माझी नऊवारी काढून काठ दाखवला. तेव्हापासून मस्कतचा एक ओमानी मुलगा ग्रुपवर सापांना "मोतिया" म्हणतो. मला सापांत काडीचा रस नाही, पण चुकीचा रंग सांगितलेला मला खपत नाही.

ग्रुपचे मुख्य फैजभाई, शारजाचे. वीस वर्षं साप पाळतायत, मूळचे कराचीचे. त्यांनी ग्रुपमध्ये पाच पारखी नेमलेत. फोटो बघून हे पाच जण जे सांगतील ते शेवटचं. डिसेंबरात त्यांनी पाचवं नाव जाहीर केलं, अस्मीचं. बाकीचे चौघे बापाच्या वयाचे. त्या दिवशी पोरगी घरात चालत नव्हती, उडत होती. मला म्हणाली, "पीपल ट्रस्ट माय वर्ड, मम्मा." मी तोंडाने "अभ्यास कर" म्हटलं, पण दुपारच्या ऑर्डरी देताना तीन बायकांना सांगितलं.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पंचवीस-तीस बायका, काळ्या साड्या, तिळगूळ. वाण घेऊन झालं की प्रत्येकीला जिलबी बघायची होती. किंचाळत आत जायच्या आणि फोटो काढून बाहेर यायच्या. मंडळाची सेक्रेटरी मैथिली तर पेटीसमोरून हलेचना. "अगं बाई, काय रंग आहे! किती गोड! इतकी सुंदर मी जन्मात पाहिली नाही गं!" प्रल्हाद दारातून सगळ्यांना "टेपच्या मागे, टेपच्या मागे" करत होता.

आणि दुसऱ्या दिवसापासून जिलबीने खाणं सोडलं.

पहिल्या आठवड्यात अस्मी म्हणाली, "इट्स नॉर्मल." दुसऱ्या आठवड्यात जरा हळू आवाजात म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात काही म्हणालीच नाही, आणि तिचं स्वतःचं ताट अर्धं तसंच राहायला लागलं. मी तिच्या आवडीची भरली वांगी केली, तीही दोन घास. सापाच्या उपासाला माझी पोर उपाशी! मी जिलबीच्या पेटीसमोर उभी राहून तिला चार शब्द सुनावले. ती जीभ काढून आत-बाहेर करत राहिली.

शनिवारी सकाळी अस्मीने फैजभाईंना दाखवायला फोटो काढले, नेहमीसारखे बाल्कनीत. आणि फोटो मोठा करून बघताना ती ओरडली. मला वाटलं, गेली की काय जिलबी! धावत गेले तर पोरगी फोन दाखवतेय. जिलबीच्या डाव्या डोळ्याच्या मागे एक ठिपका. काळाभोर, तिळाएवढा.

"मम्मा, शी कान्ट मेक ब्लॅक! दिस इज इम्पॉसिबल!"

तिने समजावलं ते असं. अंगात काळा रंगच नसलेल्या सापावर लाखात एखाद्या वेळी काळा ठिपका येतो. का येतो ते कुणाला नीट माहीत नाही. त्याला पॅराडॉक्स म्हणतात. लोक आयुष्यभर साप पाळतात, पण असा बघायला मिळत नाही.

मी म्हटलं, "ठिपक्याचं राहू दे, तिचा रंग बघ. मळल्यासारखा झालाय. मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून बघ, केशरी होती ती आता गढूळ अबोली दिसतेय." पण माझं ऐकतो कोण! फोटो ग्रुपवर गेला होता. मस्कत, बहारीन, लाहोर, कोची, सगळीकडून "माशाल्ला, माशाल्ला" सुरू झालं. एकाने ठिपक्याची कड मोजली. एकाने दोन पानांचं विवेचन लिहिलं. मंगळवारी अस्मीने पुन्हा फोटो टाकले, पुन्हा जल्लोष. फैजभाईंनी लिहिलं, पुढच्या शनिवारी स्वतः येतो, डोळ्यांनी बघतो, मग जाहीर करू.

संध्याकाळी हे सगळं जेवताना सांगितलं तर प्रल्हादला ठसका लागला. "शास्त्रात... असू शकतं असं काही," म्हणाला, आणि पाणी प्यायला उठून गेला.

गुरुवारी जिलबीने कात टाकली. तिच्या न खाण्याचं कारण हेच होतं, आणि तो गढूळ रंगही त्याचाच, पण त्या ठिपक्याच्या नादात पाच पारख्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आतून जिलबी निघाली ती लखलखीत, ताज्या पाकातली. आणि ठिपका गायब.

फैजभाई शनिवारी आले. भला माणूस, बरोबर खजुराचा डबा, खिशात भिंग. जिलबीला हातावर घेऊन बाल्कनीत नेलं, उजेडात डोकं इकडून बघितलं, तिकडून बघितलं. अस्मी बाजूला उभी, नखं खात.

"था, फैज अंकल. आय स्वेअर. यहीं था."

"कोई बात नहीं बेटा," फैजभाई म्हणाले. माझ्या हातचा चहा घेतला, चकल्या खाल्ल्या, फार छान म्हणाले आणि गेले. पण खरा असेल तर कातेबरोबर ठिपका जात नाही, हे अस्मीला माहीत होतं आणि त्यांनाही.

संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं की ठिपका दिसला नाही. बाकीचं इतरांनी लिहिलं. फिल्टर आहे. एडिट केलंय. पोरगी आहे, लाइक हवे असतात. ज्याने दोन पानं लिहिली होती तो सगळ्यात जास्त चिडला होता. रात्रीपर्यंत पारख्यांच्या यादीतून पाचवं नाव गेलं.

अस्मी रडली नाही. माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले नाही, मम्मा."

मराठीत म्हणाली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या पोरीला खोटारडी म्हणतात? जी परक्याच्या सापाचाही दिव्याखालचा फोटो चालवून घेत नाही, ती? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्यांचं पीठ झाकून ठेवलं आणि तिचा लॅपटॉप घेऊन बसले. शनिवारचा फोटो एका बाजूला, मंगळवारचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही मोठे केले.

ठिपका सरकला होता! शनिवारी डोळ्याच्या मागे, मंगळवारी त्याहून जरा वर, आणि थोडा पसरलेला. शिवाय कडेला एक बारीकसा फराटा, पुसल्यासारखा. काळाही नुसता काळा नव्हता, तुकतुकीत होता. असा काळा मी कुठेतरी बघितलाय, रोज बघितलाय, असं मनात यायला लागलं.

अस्मी टाकलेली कात पिशवीत घालून ठेवते. शी! पण ती पिशवी मी उघडली. डोक्याकडचा भाग शोधला, आणि तिथे होता तो, पुसट झालेला. बोटाने घासला. काळा रंग माझ्या बोटाला आला. वास घेतला. तूप आणि कापूर.

अहो, काजळ! माझ्या आईने घरी धरलेलं काजळ. अस्मी झाली तेव्हा आईने चांदीच्या डबीत घालून पाठवलं होतं आणि नंतरही दरवर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवत राहिली. ती डबी देवघराच्या खणात असते. चार देशांतल्या विद्वानांनी ज्याची कड मोजली, ती तीट होती! बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कानामागे लावतात ती.

खण उघडला. डबीचं झाकण तिरकं. शेजारी आमची सेल्फी स्टिक, आणि तिच्या टोकाला कान साफ करायची कापसाची काडी, पिवळ्या-काळ्या टेपने घट्ट बांधलेली. हा टेप आमच्या घरात एकच माणूस वापरतो.

प्रल्हाद गाडी धुवून वर आला, तेव्हा मी सेल्फी स्टिक त्याच्यासमोर धरली. "हे काय आहे?"

त्याने बघितलं. "सॅम्पलिंग टूल," म्हणाला.

"प्रल्हाद!"

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "किती दिवस धड खाल्लं नव्हतं गं तिने."

"जिलबीने?"

"अस्मीने."

मी स्टिक टेबलावर ठेवली.

"हळदीकुंकवाला ती मैथिली कशी बघत होती, ऐकलंस ना?" तो म्हणाला. "जन्मात पाहिली नाही म्हणे! मला माहितीये यात शास्त्रीय काही नाही. पण म्हटलं, लावून बघायला काय नुकसान आहे? पहिल्यांदा लावली ती पुसट वाटली, म्हणून परत लावली. पेटीचं झाकण दोन बोटं उघडून, लांबून."

"आणि पोरीला सगळे खोटारडी म्हणत होते, तेव्हा तुझी दातखीळ बसली होती?"

"सांगणारच होतो. पण शनिवारी मंडळात माझं व्याख्यान आहे, ते झालं की..."

"चुलीत गेलं तुझं व्याख्यान! माझी पोर खोटी ठरलीय तिकडे, आणि तुला स्लाइडची पडलीय?"

माझा आवाज चढला असावा, कारण अस्मी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बापाची खैर नाही. पण ती त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, तू पेटी उघडलीस? तू?"

"दोनदा," प्रल्हाद म्हणाला.

मग तो उठला आणि म्हणाला, "तो ग्रुप कुठाय? मी सांगतो त्यांना." अस्मी म्हणाली, नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, दाखवावं लागेल. बिनठिपक्याची जिलबी, मग ठिपका लावताना, मग ठिपक्यासकट जिलबी, एका सलग व्हिडिओत, बाल्कनीत, उजेडात. प्रल्हाद म्हणाला चालेल, आणि सेल्फी स्टिककडे हात केला.

पण स्टिकवर तर फोन लावायचा होता. घरात स्टिक एकच.

"फिंगर, बाबा," अस्मी म्हणाली.

त्याचं तोंड मी कधी विसरणार नाही. हेल्मेट घालू का, असं त्याने खरोखर विचारलं. मग पांढऱ्या कापडावर अस्मीने जिलबीला धरलं, मी स्टिकवरचा फोन धरला, आणि सेफ्टी मॅनेजर प्रल्हाद कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. घामाने शर्ट चिकटलेला. आपल्या हिंदीत सुरू झाले, "मैं अस्मी का फादर. ये लडकी ने कुछ झूठ नहीं बोला. ये ठिपका मैंने लगाया था. हमारे में बच्चे को नजर नहीं लगना चाहिए, इसलिए काजल लगाते हैं. मैं खुद ये सब मानता नहीं. लेकिन लगाया. गलती मेरा है, इसका नहीं. अभी देखो."

त्याने डबीत बोट बुडवलं. डोळे गच्च मिटले. "डोळे उघड, नाहीतर तिच्या डोळ्यात जाईल!" मी ओरडले, तेही रेकॉर्ड झालंय. त्याने डोळे उघडले, हात पुढे नेला आणि जिलबीच्या डाव्या डोळ्यामागे बोट टेकवलं. टेकवलं आणि तिथेच राहिलं. जिलबीने जीभ काढून त्याच्या मनगटाला लावली. तो हलला नाही.

"अरे, ही कोरडी आहे," प्रल्हाद म्हणाला. "मला वाटलं ओली असते."

व्हिडिओ टाकला. मग फैजभाईंचा व्हॉइस मेसेज आला, हसून हसून दम लागलेला. "भाई साहब, क़सम से, मेरी अम्मी ने मुझे छठी जमात तक काला टीका लगाके स्कूल भेजा है। और मैं मैग्निफ़ाइंग ग्लास लेके घूम रहा था! अस्मी बेटा, माफ़ी। ग़लती हम सब की है, हमने तुम्हारी ज़बान पे शक किया।" पाचवं नाव त्याच संध्याकाळी परत लागलं. दोन पानं लिहिणाऱ्याने मात्र अजून ग्रुपवर तोंड उघडलेलं नाही.

फैजभाईंचा पाठोपाठ आणखी एक निरोप होता की आता ते पुसून टाका, अंगाला काही लावणं बरं नाही. अस्मीने ओल्या कापसाने लगेच पुसलं. जिलबीने त्या रात्री उंदीर खाल्ला. प्रल्हादने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कात टाकली की खातात ते, शास्त्रीय आहे!" त्याने मान डोलावली, पण फार पटल्यासारखी नाही.

व्हिडिओ मंडळात पोचायला किती वेळ लागणार? मैथिलीचा फोन आला, "भावोजी, म्हणजे माझी नजर वाईट का?" तिची समजूत काढायला एक डझन पुरणपोळ्या गेल्या. आणि शनिवारच्या व्याख्यानाला कधी नव्हे ती खच्चून गर्दी झाली. प्रल्हाद उभा राहताच मागून कुणीतरी विचारलं, "काजळ आणलंय का?" तो पुढची स्लाइड लावायचीच विसरला.

काल सकाळी अस्मी बाल्कनीत जिलबीचे फोटो काढत होती. मला म्हणाली, "मम्मा, लुक," आणि ग्रुपवरचं दाखवलं. फैजभाईंनी लिहिलं होतं, एवढ्या वर्षांत इतकी बारीक नजर पाहिली नाही, आणि इतकी सच्चीही. खाली माशाल्लांची रांग. मी मोठ्याने वाचून दाखवलं. प्रल्हाद चहा पीत होता. कप ठेवून आत गेला आणि डबी घेऊन बाहेर आला.

अस्मीने जिलबीला झटकन छातीशी धरलं. "बाबा, नो! फैज अंकल सेड नो!"

"तिला नाही," प्रल्हाद म्हणाला.

अस्मीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग जिलबीला सांभाळत मान वाकडी केली आणि डाव्या कानावरचे केस बाजूला केले.